टेपचं दुसरं टोक

उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातले तलाव उघडे पडतात. साकोली, लाखनी, लाखांदूर या पट्ट्यात बहुतेक गावांना एक तरी तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या मधे लहान लहान बोड्या, म्हणजे छोटी तळी. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधलेले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या हाती होते. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ (तलावाचा बांध) सावरायची, गाळ उपसायची गावाची जुनी रीत मोडली. आता तो गाळ निघतो तो बराचसा रोजगार हमीच्या कामांतून. सकाळी सहाला तलावाच्या पोटात शंभर-दीडशे माणसं उतरतात, त्यात निम्म्याहून जास्त बाया. अकराच्या आत सगळे बाहेर येतात, कारण मे महिन्यात त्यानंतर तिथं उभंही राहवत नाही.

मी या कामांवर तांत्रिक सहायक होते. स्थापत्यची पदविका आणि कंत्राटी नेमणूक. अंदाजपत्रक करायचं, आखणी द्यायची, झालेलं काम मोजायचं आणि मोजमाप पुस्तिकेत उतरवायचं, एवढंच माझ्या नेमणुकीच्या कागदावर होतं. मी कुणाची साहेब नव्हते. मजुरांना कामावर घेण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मला नव्हता. पण त्यांची मजुरी माझ्या टेपवर ठरत होती, आणि दीडशे घरांचा आठवडा ज्याच्या हातातल्या वस्तूवर ठरतो, त्याला माणसं सांभाळण्याचं काम आपोआप चिकटतं. ते कसं करायचं हे पदविकेत शिकवत नाहीत. मी ते बायांकडून शिकले.

बाहेरच्यांना वाटतं, रोजगार हमीत रोज ठरलेला असतो. 2022-23मध्ये 256 रुपये, पुढच्या वर्षी 273, त्यापुढे 297. आकडे खरे आहेत, पण तेवढे पैसे हातात पडतीलच असं नाही. मातीकामात मजुरी मापावर निघते. टोळीनं किती घनमीटर माती काढली, ती मऊ होती की मुरूम लागला, ती किती लांब वाहिली आणि किती उंच चढवली, यावर टोळीची रक्कम ठरते, आणि ती हजेरीप्रमाणे वाटली जाते. माप कमी भरलं की 273चे दोनशेच्या आत येतात. सारख्याच घामाच्या दोन टोळ्यांना वेगवेगळे पैसे मिळतात, कारण एकीच्या वाट्याला तलावाचा गाळाचा भाग येतो आणि दुसरीला पाळीकडचा कडक. दरपत्रकात दोन्हींचे दर वेगळे आहेत. मात्र कुणाची माती कोणत्या दरात धरली हे मजुराला कुणी सांगत नाही. त्याला बँकेत फक्त एक आकडा दिसतो, तोही दोन-तीन आठवड्यांनी.

मी कामाला लागले तेव्हा मोजणीची वहिवाट अशी होती की मजूर घरी गेल्यावर दुपारी सहायक आणि मजुरांची हजेरी घेणारी मेट तलावात जायचे, माप घ्यायचे आणि वहीत लिहून न्यायचे. सोय सगळ्यांची होती. काम थांबत नाही, गर्दी होत नाही, वाद होत नाहीत. मापंही बहुधा बरोबरच असायची. एका शनिवारी पाळीवरून उतरत असताना एका वयस्क बाईनं मला अडवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मॅडम, खड्डा आमी खंदला, मोजता तुमी. मंग आमी घरी गेल्यावर काऊन मोजता जी?”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे द्यायला कारण नव्हतं. त्यानंतर मोजणी सकाळी दहाला सुरू केली, सगळे तलावात असताना. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं टोळीतल्याच कुणाच्या तरी हातात. लांबी, रुंदी, खोली मोठ्यानं वाचायची, मग वहीत लिहायची, मग लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. मेटला बांबूची एक काठी करून दिली, तिच्यावर मीटरची आणि फुटाची खूण. आठवडाभर टोळ्या स्वतःच आपलं काम मोजायला लागल्या. लांबी-रुंदी-खोलीचा गुणाकार फारसा समजावून सांगावा लागला नाही. धानाची रोवणी हुंड्यानं, म्हणजे ठोक रकमेत, घेणाऱ्या बाया त्या. बांधीकडे एक नजर टाकून किती जणींना किती वेळ लागेल हे त्या सांगतात. त्यांना हिशेब येत नाही असं जे ऑफिसात धरून चाललेलं असतं, त्याचा मला आजही राग येतो.

वाद वाढतील ही भीती होती, आणि सुरुवातीला ते वाढलेही. “तिकडचा मुरूम धरला, आमचा काऊन नाई?” असे प्रश्न रोज यायचे. उत्तर द्यायला मला कुदळ हातात घेऊन त्या जागी जावं लागायचं. कधी त्यांचं बरोबर निघायचं आणि दर बदलायचा, कधी नाही. जिथं नाही निघालं तिथंही माणसं उखडून गेली नाहीत, कारण कुदळ कशी आणि किती आत जाते हे त्यांनीही पाहिलेलं असायचं. माणसाला कमी पैसे मिळाल्याचं दुःख असतं. पण ते का मिळाले हे कळण्याच्याही लायकीचे आपण नाही, असं वागवलं गेल्याचं दुःख त्याहून खोल जातं. हे मी कंत्राटी नोकरीत स्वतः सोसलेलं आहे. मानधन दोन महिने थकलं आणि एका ओळीचंही उत्तर आलं नाही, तेव्हा पैशापेक्षा ती गप्प बसलेली खुर्ची जास्त लागली होती.

एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा. खड्डा खोदताना मधोमध मातीचा एक खांब न खोदता राखतात. मूळ जमीन कुठवर होती याची ती खूण. खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत जेवढं अंतर, तेवढी खोली. एकदा एका टोळीच्या खड्ड्यात मला खांब जरा जास्तच उंच दिसला. जवळ गेले. तलावाच्या आटलेल्या पोटाचा मूळ माथा ओळखू येतो. त्यावर भेगा असतात, वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा असतो, गवताची बारीक मुळं असतात. या खांबाचा माथा गुळगुळीत होता. वर चार-पाच बोटं ओली माती थापलेली होती. भोवती सगळी टोळी उभी, पलीकडे बाकीच्या टोळ्या.

मी टेप गुंडाळला. म्हटलं, ऊन चढलंय, हा खड्डा उद्या सकाळी पहिल्यांदा घेऊ. मजूर पाळीवर चढत होते तेव्हा टोळीतल्या मोठ्या माणसाला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, “काकाजी, उद्याचं माप मुळातल्या माथ्यावरून घेईन.” ते काही बोलले नाहीत. सकाळी खांबावरची माती नव्हती, माप घेतलं, वहीत लिहिलं, टोळीनं ऐकलं.

माझ्या एका सहकाऱ्याला हे पटलं नाही. चारचौघांत झापलं असतं तर इतरांनाही धडा मिळाला असता, असं त्याचं म्हणणं. मला उलट वाटतं. चारचौघांत झापल्यावर इतर लोक माती जास्त बेमालूम थापायला शिकतात. आणि ज्याला झापलं तो नंतर बारा महिने मान वर करून आपल्याशी बोलत नाही, म्हणजे त्याच्याकडून कळायच्या सगळ्या गोष्टी आपल्याला कळेनाशा होतात. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर त्याच काकाजींनी आपणहून सांगितलं, की अगोदरच्या एका कामावर त्यांच्या पाठीमागे माप झालं होतं आणि आठवडाभराच्या मेहनतीचे अर्धेच पैसे आले होते. तेव्हापासून टोळीनं ठरवलं होतं की आपणच चार बोटं धरून चालायचं. माझ्या मते हाताखालच्या माणसांची लबाडी कितीदा तरी अशी जुनी, कुठून तरी आलेली असते. तिच्यावर शिक्षेचा उपाय करण्याआधी तिचं गाव शोधावं.

नावांचंही असंच. हजेरी घेताना बायांना नवऱ्याच्या नावानं पुकारायची सवय सगळीकडे होती. अमक्याची बायको, तमक्याची सून, एखादी नुसतीच ‘बुढी’. मेटला मी विनंती केली की मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, जे नाव छापलंय ते पूर्ण वाच. पहिल्या दिवशी काही जणींनी ओच दिली नाही, कारण सासरी आल्यापासून ते नाव त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. काही नावं वाचल्यावर वेगळंच निघालं. जॉबकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. अशा खात्यांत मजुरी जमा होत नाही, परत फिरते. 1 जानेवारी 2024 पासून आधारवर आधारित पैसे देणं सक्तीचं झाल्यावर तर या फरकानं अनेकींचा जीव मेटाकुटीला आला. रोज सकाळी नाव मोठ्यानं वाचण्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच चुका आधीच सापडल्या आणि ग्रामरोजगार सेवकानं खेटे घालून त्या दुरुस्त केल्या. मी हे केलं होतं ते मान म्हणून. त्याचा उपयोग पैशाला झाला.

पैसे उशिरा आले की तलावातलं वातावरण बदलतं. कायद्यानं मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी होती आणि सोळाव्या दिवसापासून दररोज 0.05 टक्के भरपाई. भरपाईची रक्कम इतकी लहान असते की कुणी तिच्यासाठी भांडत नाही. लोक भांडतात ते ‘वरून आलं नाही’ या उत्तराशी. आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर एक काळा चौकोन रंगवला आणि खडूनं लिहायला लागलो. मस्टर क्रमांक, मस्टर बंद झाल्याची तारीख, माप पुस्तिकेत चढवल्याची तारीख, पैशाचा आदेश निघाल्याची तारीख. पैसे कोणत्या टेबलावर आहेत हे भिंतीवर दिसायचं. दुसरी तारीख माझी होती. मी दोन दिवस उशीर केला तर ते गावाला दिसायचं, आणि ते दिसायलाच हवं होतं.

आपल्या राज्याला या कामाची जुनी ओळख आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली, 26 जानेवारी 1979 पासून तिचा कायदा अमलात आला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांकडून 1975 पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. देशाचा कायदा 2005मध्ये आला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी तो ज्या पहिल्या जिल्ह्यांत लागू झाला त्यात भंडारा होता. या कायद्यानं मजुराला कामाच्या जागी पाणी, सावली, औषधाची पेटी आणि मुलांसाठी सांभाळणारी बाई दिली. चार साध्या गोष्टी. एवढ्याच नीट पाळल्या तरी कामाची जागा माणसांची होते, असं मला आता ठामपणे वाटतं.

पाण्याचं सांगते. पाणी पाजायला टोळीबाहेरची एक व्यक्ती नेमतात, आणि हे काम ज्याला उचल-ओढ जमत नाही अशा माणसाला द्यावं असा साधा न्याय आम्ही ठरवला होता. त्या न्यायानं एका गावात ते काम एका बौद्ध आजींकडे आलं. दुसऱ्या दिवशी मेट माझ्याकडे कुजबुजत आली. काही लोक म्हणतात, पाण्याला दुसरी बाई द्या. कारण कुणी उघड बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. मेटला सांगितलं, न्याय वयाचा आणि तब्येतीचा ठरलाय, तो बदलायचा असेल तर सगळ्यांसमोर कारण सांगून बदलू. कारण सांगायला कुणी पुढे आलं नाही. आजींच्या कानावर हे गेलं होतंच. 1954च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि पडले. त्या दिवसांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “पोरी, मी पानी देते. घ्याचं का नाई ते त्याइचं.” त्या उन्हात बहुतेकांनी घेतलं. दोन-तीन माणसं काम संपेपर्यंत घरून बाटली आणत राहिली. त्यांना मी काही बोलले नाही, पण त्यांच्यासाठी नियमही वाकवला नाही. मन बदलणं माझ्या हातात नव्हतं. आजींची हजेरी आणि त्यांची जागा माझ्या हातात होती.

मोहफुलांच्या दिवसांत वेगळा पेच पडतो. मार्चच्या शेवटापासून मोह टपकतो, तो पहाटेपासून वेचावा लागतो, नाहीतर गुरं खातात. त्यावर कित्येक घरांचा वर्षभराचा वरखर्च निघतो. तेव्हा बाया सहाला येत नाहीत, साडेसात-आठला येतात. पूर्वी आम्ही त्यांची वेळ सरकवून द्यायचो, माप पूर्ण भरलं की झालं. 2023च्या जानेवारीपासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. खोट्या हजेऱ्या थांबाव्यात हा हेतू योग्यच होता, खोटी हजेरी म्हणजे खऱ्या मजुराच्या ताटातलं घेणं. पण मापावर मजुरी देताना आणखी वेळेचाही पहारा कशासाठी, हे मी कुणाला समजावू शकले नाही, कारण मलाही ते पटलं नव्हतं. पाळीच्या खालच्या अंगाला नेटवर्क मिळत नाही. मेट मोबाइल उंच धरून पाळीवर चढते, खाली बाया टोपली ठेवून उन्हात ओळीनं उभ्या. आम्ही एवढं केलं की मोहाच्या दिवसांत गावाशी बोलून कामाचीच वेळ उशिरा ठेवली, तशी नोंद आधी दिली, आणि फोटो सावलीत घ्यायचे ठरवलं. ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांना विचारून तो बसवला तर निम्मी कटकट कमी होते. उरलेली निम्मी आम्ही वर लिहून कळवत राहिलो.

माणसांनी एकमेकांना कसं सांभाळावं याचा सर्वांत चांगला नमुना मी 2020च्या उन्हाळ्यात पाहिला, आणि त्यात माझा हात फार थोडा होता. 20 एप्रिलनंतर टाळेबंदीत ही कामं सुरू करायला परवानगी मिळाली. नागपूर, पुणे, हैदराबादहून पोरं गावी परतली होती. कुणी हॉटेलात होता, कुणी फरशी बसवणारा, कुणी गोदामात. खिसा रिकामा आणि चेहऱ्यावर हरल्याची कळा. 238 रुपये रोजाच्या कामावर आपल्या आईच्या वयाच्या बायांबरोबर टोपली उचलायला ती लाजत होती. त्यांची वेगळी टोळी करावी असा माझा विचार होता. बायांनी तो मोडून काढला. वेगळी टोळी केली तर पहिल्याच आठवड्यात त्यांचं माप कमी भरेल आणि ती पुन्हा येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं, आणि एका एका टोळीत दोन-दोन पोरं वाटून घेतली. गाळ कुठून फोडायचा, ओल कुठे लागते, टोपली किती भरली म्हणजे दिवसभर खांदा टिकतो, हे त्या पोरांना त्यांनी शिकवलं. ओरडून नाही, हसूनही नाही. सुरुवातीच्या दिवसांत पोरांमुळे टोळीचं माप थोडं घसरलं, म्हणजे प्रत्येकीच्या मजुरीतून काही रुपये गेले. हे त्यांना ठाऊक होतं. मोजणी त्यांच्यासमोरच होत होती. तरी एकीनंही आपल्या टोळीतला पोरगा बदलून मागितला नाही.

मुलं सांभाळणाऱ्या बाईचं काम मात्र सर्वांत शेवटी जमलं. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं कामावर येत असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असं तो कायदा सांगत होता. प्रत्यक्षात लेकरं पळसाच्या सावलीत एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असायची. मी नेमणुकीची गोष्ट काढली तेव्हा विरोध मजुरांमधूनच आला. बसून पैसे कशाचे, असं टोळ्यांना वाटलं. तिची मजुरी टोळीच्या मापातून निघत नाही, वेगळी निघते, हे वहीतून दाखवल्यावर विरोध निवळला. तरी कुणाला नेमायचं यावर दोन सकाळी गेल्या. शेवटी ज्यांची लेकरं होती त्यांनीच एक नाव सुचवलं, कंबर धरलेली, पण पोरांना जीव लावणारी बाई. साडीचा झोका बांधला, मुरमुरे आणले, आणि बहिणी मोकळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी कामाची मागणी करणारे नमुना 4चे अर्ज आले, तेव्हा एका टोळीनं अर्जांच्या मागच्या बाजूला पेनानं लेकरांची नावं आणि वयं लिहून दिली होती. मोजली तर सहा भरली. त्यातली दोन सात वर्षांची निघाली, म्हणजे नियमात बसणारी चारच. शेजारच्या टोळीत आणखी तीन होती, ती धरली आणि बाई नेमण्याचा कागद त्याच दिवशी केला. सात वर्षांच्या त्या दोघांनाही झोक्याजवळ बसायला कुणी मनाई केली नाही.